दुधाच्या पिशवीचा कोपरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात गेले दोन आठवडे कचरा वर्गीकरणावर वाचकांची पत्रं येत आहेत. बहुतेकांचं म्हणणं असं दिसतं की, ओला आणि सुका वेगवेगळ्या डब्यांत टाकला की आपलं काम झालं, पुढचं ज्यांचं त्यांनी बघावं. चार महिन्यांपूर्वी मला कुणी विचारलं असतं तर मीही हेच सांगितलं असतं. माझ्या याच समजुतीपायी एका बाईच्या तळहाताला पाच टाके पडले, म्हणून हे पत्र लिहीत आहे. थोडं लांबेल. कापू नये, अशी विनंती.

आम्ही सिंहगड रस्त्यावर राहतो. तीन इमारती, ४२ घरं. बरीचशी माझ्यासारखी निवृत्त माणसं, काही भाड्याने राहणारी तरुण मंडळी. श्रावणात लिंबाच्या लोणच्याची काचेची बरणी माझ्या हातून ओट्यावर आपटली. मी तुकडे वेचले, चुरा सुपलीत भरला आणि सगळं सुक्या कचऱ्याच्या पिशवीत टाकून वर रद्दीचे दोन कागद कोंबले. काच कुजत नाही, म्हणजे ती सुका कचरा, इतकाच माझा विचार. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या कचरावेचक ताईंनी ती पिशवी ढकलगाडीत ठेवली आणि वरून दाबली. सगळ्यांच्याच पिशव्या त्या दाबतात, नाहीतर ४२ घरांचा माल एका गाडीत मावत नाही. हातमोज्यातून काच आरपार गेली.

मी त्यांना स्कूटरवरून दवाखान्यात नेलं. रस्ताभर त्या गप्प होत्या. टाके घालून झाल्यावर फक्त म्हणाल्या, "काका, सून येईल उद्यापासून. तिला घरं दाखवायला लागतील." पुढचे सोळा दिवस त्यांच्या जागी सून आली. मी चूक कबूल केली, दवाखान्याचा खर्च दिला, बुडालेल्या दिवसांचे पैसेही दिले. पण रात्री झोप लागेना. गेली अकरा वर्षं ही बाई माझ्या दारातून कचरा नेते आणि तो पुढे कुठे जातो, त्याचं काय होतं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. त्या बऱ्या होऊन परत आल्यावर मी विचारलं, "तुम्ही जिथे हे निवडता तिथे मी येऊन बसलो तर चालेल का?" म्हणाल्या, "बसा की. जुने कपडे घालून या."

संपादक महोदय, माझी नोकरी रेल्वे टपाल सेवेतली. १९७९ साली लागलो आणि ३८ वर्षं टपालाचं वर्गीकरण केलं. काही वर्षं पुणे स्टेशनच्या कचेरीत, काही वर्षं रात्रीच्या गाडीच्या टपाल डब्यात उभं राहून. समोर लाकडी खणांची भिंत, डाव्या हातात पत्रांचा गठ्ठा, उजवा हात आपोआप खणाकडे. त्यामुळे ताई जिथे सुका कचरा निवडतात त्या शेडमध्ये पाच बायकांचे हात चालताना बघितले आणि मला वेगळं काही समजावून सांगावं लागलं नाही. तेच काम. फरक इतकाच की, आमच्या हातात येणाऱ्या प्रत्येक वस्तूवर ती कुठे जायची आहे ते लिहिलेलं असे. यांच्या हातात येणाऱ्या वस्तूवर खरकटं असतं.

मी तीन दिवस सकाळी नऊ ते बारा बसलो. पहिल्या दिवशी ढीग मोजले तर अठरा भरले. वर्तमानपत्राची रद्दी वेगळी, वहीचा पांढरा कागद वेगळा, पुठ्ठा वेगळा. पाण्याच्या बाटल्या एकीकडे, त्यांची झाकणं दुसरीकडे, कारण बाटलीचं प्लास्टिक एका जातीचं आणि झाकणाचं दुसऱ्या. शाम्पू-फिनेलचे जाड डबे, दुधाच्या पिशव्या, पातळ पिशव्या, पत्र्याचे डबे, अॅल्युमिनियम, काचेच्या बाटल्या, चपला. पिशवी कोणत्या प्लास्टिकची हे ताई कानाजवळ चुरगाळून ओळखतात. कडकड वाजली तर एक जात, मऊ आवाज आला तर दुसरी. वस्तूच्या तळाशी त्रिकोणात १ ते ७ यांपैकी एक आकडा छापलेला असतो, हे मी चष्मा लावून त्यांना दाखवलं. त्यांना ते माहीत होतं. पण एका सकाळी शेकडो वस्तू हातांखालून जातात, तेव्हा उलटी करून आकडा बघायला वेळ नसतो, कान पुरतो.

या बायकांची संस्था ‘स्वच्छ’. कचरावेचकांनीच स्थापन केलेली सहकारी संस्था, २००८ पासून महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करते. तिच्या मागे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आहे, डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने १९९३ साली उभी राहिलेली. त्याआधी याच बायका रस्त्यावरच्या कुंड्यांत वाकून कागद आणि पत्रा वेचायच्या. आता त्यांना ओळखपत्र आहे, आपल्या दाराशी येण्याचा हक्क आहे. घरटी दर महिन्याचं सेवाशुल्क आणि सुक्या मालाच्या विक्रीचे पैसे, एवढीच त्यांची मिळकत. म्हणजे आपल्या सुक्या कचऱ्याची पिशवी हा त्यांच्या पगाराचाच एक भाग असतो. आपण तो आमटीत बुडवून देतो.

हे मी अक्षरशः लिहितो आहे. दुसऱ्या दिवशी एका पिशवीत एखाद्या मुलाच्या वर्षभराच्या वह्या आल्या, निदान सहा-सात किलो. पांढरा कागद, चांगला भाव मिळणारा. पण त्याच पिशवीच्या तळाशी हॉटेलातून मागवलेल्या भाजीचा प्लास्टिकचा डबा होता, झाकण नीट न लावलेला. लाल तर्री सगळ्या वह्यांतून वर चढली होती. ताईंनी दोन वह्या उघडून बघितल्या आणि अख्खा गठ्ठा बाजूला सरकवला. मी विचारलं, वाळवून चालणार नाही का? तर नाही. कागदाच्या गिरणीत रद्दीचा पाण्यात लगदा करतात, आणि तेल पाण्यात विरघळत नाही. ते लगद्यात तसंच राहतं, कागदावर डाग आणि छिद्रं पडतात. नुसता पाण्याने भिजलेला कागद वाळवता तरी येतो, पण पावसाळ्यात गोणीत दोन दिवस राहिला की त्याला बुरशी येते आणि भंगारवाला तो पुठ्ठ्याच्या भावानेही घेत नाही. पिझ्झाच्या खोक्याचं तेच. त्याचं वरचं झाकण कोरडं असतं, ते फाडून पुठ्ठ्यात द्यावं. तळ चिजने माखलेला, तो ओल्यात जाईल. फाडायला दोन सेकंद लागतात.

सुका कचरा खरोखर सुका असायला हवा, ही माझ्या सगळ्या पत्राची मागणी आहे. आपण ‘सुका’ म्हणतो तेव्हा आपल्या मनात ‘न कुजणारा’ इतकाच अर्थ असतो. दह्याचा डबा, केचपची बाटली, श्रीखंडाचा डबा, तेलाची पिशवी, सगळं आपण जसं रिकामं झालं तसं टाकतो. एका डब्यातलं उरलेलं ताक दहा किलो रद्दीची वाट लावतं, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे.

लोक म्हणतात, पुण्यात उन्हाळ्यात प्यायला पाणी नाही आणि कचरा कसला धुता? रास्त प्रश्न आहे. आमच्या घरी त्याचं उत्तर माझ्या आईच्या काळापासून आहे, मीच विसरलो होतो. दुधाची पिशवी कापून दूध ओतलं की आई तिच्यात अर्धा पेला पाणी घालून हलवायची आणि ते पाणी चहाच्या आधणात जायचं. पिशवी उलटी करून मोरीच्या दांडीवर अडकवली की तासाभरात वाळायची. दूध वाया जाऊ नये म्हणून ती हे करत असे. बाकीच्या डब्यांना तांदूळ धुतलेलं पाणी किंवा भांडी विसळल्याचं शेवटचं पाणी पुरतं. घासूनपुसून लख्ख करायची गरज नाही, वास आणि चिकटपणा गेला की झालं. पत्नीने आता ओट्याखाली एक गाळणीची टोपली ठेवली आहे, विसळलेलं सगळं तिच्यात उपडं पडतं आणि रात्रीपर्यंत कोरडं होतं.

आता त्या कोपऱ्याबद्दल. आपण सगळे दुधाची पिशवी कोपरा कापून फोडतो. तो नखाएवढा तिकोनी तुकडा ओट्यावर पडतो, फडक्याने पुसला जातो आणि भाजीच्या देठांबरोबर ओल्या कचऱ्यात जातो. पिशवीचं प्लास्टिक चांगल्या जातीचं असतं, तिला गिऱ्हाईक आहे, तिच्यापासून पुन्हा पाइप आणि चटया होतात. पण तो तुटलेला कोपरा कुणीही वेचू शकत नाही. तो खतात जातो. आमच्या सोसायटीच्या खताच्या पेटीतून माळीदादा दर वेळी चाळणीवर असे तुकडे काढतात, तरी पुष्कळ सुटतात आणि कुंड्यांत जातात. मी हिशेब केला. घरटी दिवसाला दोन पिशव्या धरल्या तर ४२ घरांचे वर्षाला ३०,६६० कोपरे. एका सोसायटीचे. उपाय इतका सोपा की सांगताना संकोच वाटतो. कात्री पूर्ण चालवायची नाही. कोपरा एका बाजूने पिशवीला लटकत राहू द्यायचा. सवय व्हायला मला चार दिवस लागले.

सगळंच धुऊन वाळवून दिलं की सगळंच पुन्हा वापरात येतं, असा गैरसमज मात्र कुणी करून घेऊ नये. माझाही तोच होता. वेफर्स आणि बिस्किटांची आतून चंदेरी पाकिटं, शाम्पूच्या पुड्या, ही एकमेकांना चिकटवलेल्या दोन-तीन वेगवेगळ्या थरांची असतात. ते थर सुटे करणं परवडत नाही, म्हणून त्यांना भंगारात गिऱ्हाईक नाही. चहाचे कागदी कप बाहेरून कागद आणि आतून प्लास्टिकचा पातळ थर. दुकानात मिळणारं गुळगुळीत बिल, ज्यावर नखाने ओढलं की काळी रेघ उमटते, तो कागद उष्णतेने छपाई होणारा असतो, त्यावर रसायनाचा लेप असतो. ते रद्दीत घालू नये. ताईंच्या शेडमध्ये या सगळ्याचा एकोणिसावा ढीग होता, तो मी आधी मोजलाच नव्हता. टपालात ज्या पत्राचा पत्ता लागत नसे आणि पाठवणाऱ्याचाही ठावठिकाणा नसे, ती पत्रं एका वेगळ्या कचेरीत जात. त्या कचेरीची मला आठवण झाली. फरक असा की, तिथे क्वचित काही जाई. इथला हा ढीग सगळ्यात उंच होता. त्याला मी, तुम्ही किंवा ताई काही करू शकत नाही. ज्या कंपन्या असलं वेष्टन काढतात त्यांनी ते परत गोळा करण्याची जबाबदारी घ्यायची आहे, कायद्यात तशी तरतूद आहे. तिचा पाठपुरावा तुमच्यासारख्या वृत्तपत्रांनी करावा. आपल्या हातात एवढंच की, असल्या पुड्या कमी आणाव्यात. सुटी शेव आणि फरसाण देणारी दुकानं आमच्या भागात अजून आहेत. डबा घेऊन गेलं की ते नाही म्हणत नाहीत.

यानंतरच्या विषयावर माझ्या वयाच्या पुरुषाने लिहावं का, हा प्रश्न मलाच पडला होता. पत्नी म्हणाली, तुम्हीच लिहा, बायकांनी पुष्कळदा लिहून झालंय. गेल्या वर्षी मुलगी बाळंतपणाला घरी आली होती. नातवाचे डायपर दिवसाला पाच-सहा. ते आम्ही गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाकायचो. सॅनिटरी पॅडचंही बहुतेक घरांत तेच होतं. शेडमध्ये मी ताईंच्या सुनेला एक वर्तमानपत्राची घडी उघडताना बघितलं. आत काय असेल हे बाहेरून कळत नव्हतं, कदाचित रद्दी असेल म्हणून तिने उघडली. आत वापरलेलं पॅड होतं. तिने ते परत गुंडाळलं, हात मातीला पुसले आणि पुढची पिशवी घेतली. मी तिथून उठून बाहेर जाऊन उभा राहिलो. माझ्या घरातून तीन महिने डायपर असेच गेले होते. कुणाच्या तरी हाताने ते उघडले असणार.

२०१६ च्या घनकचरा नियमांत लिहिलं होतं की, असा कचरा कंपनीने दिलेल्या पाकिटात किंवा योग्य वेष्टनात नीट गुंडाळून द्यायचा. ते पाकीट देणं त्या नियमांनी उत्पादकांवर बंधनकारक केलं होतं. पुण्यात ‘स्वच्छ’ने त्यासाठी लाल ठिपक्याची मोहीम चालवली. कागदात गुंडाळायचं, वर लाल पेनाने मोठा ठिपका काढायचा आणि वेगळं द्यायचं. ठिपका दिसला की ती पुडी कुणी उघडत नाही. यात खर्च काय, तर एक लाल पेन. आमच्या न्हाणीघराच्या दाराला दोऱ्याने एक बांधून ठेवला आहे. मुलगी पुन्हा आली तेव्हा तिला काही सांगावं लागलं नाही, पेन बघून तिनेच विचारलं.

माझे शेजारी, अत्यंत सज्जन गृहस्थ, मला दर वेळी एक गोष्ट ऐकवतात. ‘आपण कितीही वेगळं केलं तरी शेवटी सगळं एकाच गाडीत एकत्र होतं.’ काही ठिकाणी तसं होतही असेल. पण आमच्याकडे काय होतं ते मी तीन दिवस बघितलं आहे. सुका माल शेडमध्येच निवडला जातो, भंगारवाल्याच्या टेम्पोत जातो, तो मोठ्या गाडीपर्यंत पोचतच नाही. तिथे पोचतं ते आपण खराब करून दिलेलं. तर्रीच्या वह्या मोठ्या गाडीत गेल्या. त्या मी स्वतः उचलून दिल्या.

आणि ती गाडी कुठे जाते हे पुणेकरांना सांगायला नको. एके काळी कोथरूडला कचरा डेपो होता, आज त्या जागी मेट्रोचा डेपो आहे. मग उरुळी देवाची आणि फुरसुंगी या दोन गावांनी आपला कचरा वर्षानुवर्षं सोसला. विहिरींचं पाणी खराब झालं, ढिगाऱ्यांना आगी लागल्या, गावकऱ्यांनी रस्त्यावर येऊन गाड्या अडवल्या. गाड्या अडल्या की चार दिवसांत पेठांतल्या कोपऱ्यांवर ढीग साचत आणि वर्तमानपत्रांत आपल्या नाकाला येणाऱ्या वासाच्या तक्रारी छापून येत. त्या दिवसांत मीही असं एक पत्र लिहिलं होतं. फुरसुंगीला जाऊन बघावं असं तेव्हा मनात आलं नाही. ओलं आणि सुकं एकत्र दाबलं गेलं की आत हवा पोचत नाही, ओला भाग हवेवाचून सडतो, त्यातून मिथेन निघतो, तो पेट घेतो. खालून काळं पाणी झिरपतं आणि विहिरीला मिळतं. हे सगळं माझ्या ओट्यावर सुरू झालेलं होतं.

इथे पुन्हा माझ्या टपालाची एक गोष्ट. पिन कोड देशात १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. तो आखला श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने. ते संस्कृतचे पंडितही होते. सहा आकडे. ४ म्हटलं की आपला टपाल विभाग, ४११ म्हटलं की पुणे, शेवटच्या तीन आकड्यांनी वाटप करणारं टपाल कार्यालय. मी नोकरीत लागलो तेव्हा निम्मी पत्रं अजून पिनशिवाय यायची. एकाच नावाची गावं चार-चार जिल्ह्यांत असायची, जुने सहकारी अक्षरावरून आणि पाठवणाऱ्याच्या आडनावावरून अंदाज बांधायचे. हळूहळू लोक पिन लिहू लागले आणि आमचं काम कितीतरी हलकं झालं. पत्र लिहिणाऱ्याला सहा आकड्यांचे पाच सेकंद जास्त लागत. ते त्याने दिले नाहीत तर पुढे तीन ठिकाणी तीन माणसांना थांबून विचार करावा लागे, तरी पत्र चुकत असेच. शेडमध्ये बसल्यावर मला सारखं वाटत होतं की, आपण पुणेकर सगळे पिनशिवायची पत्रं टाकतो आहोत, आणि त्यातली निम्मी भिजवून.

त्या तीन दिवसांनंतर मी सोसायटीच्या बैठकीत हे सगळं सांगितलं. टाळ्या पडल्या आणि पुढचे पंधरा दिवस काहीही बदललं नाही. मग मी आणि दुसऱ्या मजल्यावरच्या एक निवृत्त शिक्षिका, आम्ही दोघं घरोघर गेलो. प्रत्येक घरी जेमतेम दहा मिनिटं. त्यांच्याच डब्यातली एकेक वस्तू काढून, ही कुठे आणि का, इतकंच. भाषण नाही. तिथे कळलं की, लोकांना आच नाही असं मुळीच नाही, माहिती नाही. एका घरी औषधांच्या मुदत संपलेल्या गोळ्या बेसिनमध्ये ओततात, कारण ‘कुणाच्या हाती लागू नयेत’. हेतू चांगला, पण ते औषध नदीत जातं. जुने सेल खेळण्यातून काढून कुणी ओल्यात टाकतं, कुणी सुक्यात. मोबाइलची फुगलेली बॅटरी दाबली गेली तर पेट घेते, आणि पिशव्या तर दाबल्याच जातात. ट्यूबलाइट आणि सीएफएल दिव्यात पारा असतो, तो फोडून टाकायचा नाही, अख्खा द्यायचा. आता आम्ही जिन्याखाली झाकणाचा एक लाकडी खोका ठेवला आहे. सेल, बॅटऱ्या, दिवे, चार्जर, औषधं, रंगाचे डबे त्यात. महिन्यातून एकदा आम्ही दोघं त्यातलं सगळं वेगवेगळं करून संकलनाला देतो. खोका मी जुन्या टपाल खणांच्या धर्तीवर सुताराकडून करून घेतला.

भाड्याने राहणारी मुलं सगळ्यात आधी सुधारली, हे मुद्दाम नोंदवतो, कारण सगळ्यात जास्त बोल त्यांनाच लावले जात होते. त्यांच्याकडे बाहेरून मागवलेल्या जेवणाचे डबे ढिगाने असतात. आता ते विसळून, एकात एक घालून, दोरीने बांधून देतात. ताईंना असे डबे निवडावे लागत नाहीत, बांधलेलेच सरळ पोत्यात जातात. सर्वांत अवघड गेली ती आमची पिढी. ‘कचरा काय धुवायचा,’ हे वाक्य मी पंचवीस घरांत ऐकलं. सात घरं अजूनही ऐकत नाहीत. त्यांच्याकडे मी दर रविवारी जातो. चहा देतात, ऐकून घेतात, सोमवारी पिशवीत पुन्हा आमटी. मी जाणं थांबवणार नाही.

ताईंच्या हाताची जखम भरली. अंगठ्याखाली एक आडवा व्रण राहिला आहे आणि थंडीत तिथे दुखतं, असं त्या म्हणतात. पैसे देताना तो हात महिन्यातून एकदाच माझ्या समोर येतो, पण पिशवी घेताना रोज येतो.

आता विनंती. आपल्या रविवारच्या अंकात फ्रिजवर चिकटवता येईल एवढी एक चौकट छापावी. घरातलं काय विसळायचं, काय कोरडं ठेवायचं, कशावर लाल ठिपका काढायचा, काय जिन्याखालच्या खोक्यात. लोक अग्रलेख वाचून विसरतात, फ्रिजवरचा कागद रोज दिसतो. मजकूर दहा ओळींचा आहे, मी तयार करून सोबत जोडला आहे. छापण्याआधी तो ताईंना वाचून दाखवला. सगळा नीट ऐकून त्यांनी एकच शब्द बदलायला लावला. मी लिहिलं होतं, ‘फुटलेली काच कागदात गुंडाळून वेगळी ठेवा.’ त्या म्हणाल्या, "ठेवा नको, काका. हातात द्या, असं लिहा." तसं केलं आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त टपाल कर्मचारी
सिंहगड रस्ता, पुणे